कोल्हापूर विमानतळापासून ९ किमीवर उसाचा सर्व्हे: पिवळ्या पट्ट्यात ड्रोन किती उंच न्यायचा?

शिवार_कागल
कागलजवळ ४० हेक्टर उसाचा नकाशा काढायचाय, रान साधारण १००० बाय ४०० मीटर. ड्रोन १.४ किलोचा, म्हणजे नियमातल्या मायक्रो वर्गातला. युआयएन (ड्रोनचा नोंदणी क्रमांक), थर्ड पार्टी विमा, रिमोट पायलट प्रमाणपत्र सगळं आहे. डिजिटल स्कायच्या (सरकारच्या ड्रोन पोर्टलच्या) नकाशावर रान पिवळ्यात, म्हणजे परवानगी लागणाऱ्या पट्ट्यात, दिसतंय. बेत १०० मीटर उंचीचा होता. विमानतळाच्या टॉवरची परवानगी लागेलच का? त्याच दिवशी शेजारी फवारणीचा ड्रोनही असणार आहे.

पट्टी_०७२५
आधी अंतर नीट मोजा. नियमात अंतर विमानतळाच्या हद्दीपासून धरतात, टर्मिनलपासून नाही. हद्दीपासून ५ ते ८ किमी असेल तर जमिनीपासूनच पिवळा, एटीसीच्या (टॉवरमधल्या हवाई वाहतूक नियंत्रणाच्या) परवानगीशिवाय उडवायचं नाही. ८ ते १२ किमीत २०० फुटांपर्यंत, म्हणजे ६० मीटर, हिरवा धरतात आणि त्याच्या वर पिवळा. तुमचे ९ किमी खरे असतील तर ६० च्या आत परवानगी नको, १०० ला हवी. अर्ज केलात तर रानाची समुद्रसपाटीपासूनची उंचीही द्या. वैमानिकाचा अल्टिमीटर समुद्रसपाटीपासून दाखवतो, तुमचा ड्रोन उड्डाणाच्या जागेपासून. रान १,८०० फुटांवर असेल तर तुमचे २०० फूट म्हणजे त्याचे २,०००.

जीएसडी_वाला
६० वरच करा, परवानगीच्या मागे लागू नका. एक इंची, २० मेगापिक्सेल कॅमेऱ्याला ६० मीटरवर जीएसडी (फोटोतला एक पिक्सेल जमिनीवर किती भरतो ते) साधारण १.६ सेंमी मिळतो. उसाला तेवढा पुष्कळ झाला. किंमत वेळेत मोजावी लागते: ७० टक्के साइडलॅपला (शेजारच्या ओळींतले फोटो इतके एकमेकांवर चढवले तर) उड्डाणाच्या ओळींतलं अंतर ४५ ऐवजी २७ मीटर होतं, वेगही कमी ठेवावा लागतो, त्यामुळे एका बॅटरीचं काम तीनवर जातं. ओळी अख्ख्या १००० मीटरच्या ठेवू नका, ड्रोन डोळ्यांना दिसला पाहिजे. दोन तुकडे करा.

खरी गोम आरटीएचमध्ये, म्हणजे सिग्नल तुटल्यावर ड्रोन आपोआप परत येतो त्यात, आहे. बऱ्याच ड्रोनला रिटर्न-टू-होमची उंची १०० मीटर ठेवलेली असते. मिशन ५५ ला आखता, सिग्नल तुटतो, आणि ड्रोन स्वतःहून १०० ला चढतो. कमाल उंची ५८ आणि आरटीएच ५० करा. हाय टेन्शनचे टॉवर त्याहून उंच असतील तर मिशनचं क्षेत्रच अलीकडे घ्या. दुसरं, माळावरून उडवून ओढ्याकाठच्या उसावर नेऊ नका. माळ २५ मीटर उंच असेल तर स्क्रीनवर ५० दिसताना ड्रोन खालच्या रानापासून ७५ वर असतो. ओढ्याकाठूनच उडवा.

शिवार_कागल
समजलं. पण एटीआर (छोटं प्रवासी विमान) तिथून बरंच उंच जातं ना? मग ६० ची अट कशाला?

पट्टी_०७२५
सरळ उतरणारं विमान उंचच असतं. ३ अंशांच्या उताराने धावपट्टीच्या टोकापासून ८ किमीवर ते सुमारे ४२० मीटर असतं. पण तेवढ्यावर हिशोब संपत नाही. भीती हेलिकॉप्टरची: पंचगंगेला पूर आला की मदतीचं, निवडणुकीत नेत्यांचं, मधेच रुग्णाला न्यायचं. त्याला उतरायला पट्टी लागत नाही. १२० नॉटला ते सेकंदाला जवळपास ६० मीटर जातं. तुमचा ड्रोन ३ मीटर प्रति सेकंद वेगाने ६० वरून उतरायला २० सेकंद घेतो, तेवढ्यात ते १२०० मीटर पुढे आलेलं असतं. म्हणून घरघर ऐकू आली की लगेच मिशन थांबवा आणि आहे तिथे सरळ खाली घ्या. आरटीएच दाबायचं नाही, तो आधी वर चढू शकतो. वाट मानवी विमानालाच द्यायची, नियमातही तेच आहे.

एडीएस-बी रिसीव्हरवर (विमानांनी रेडिओवर पाठवलेली त्यांची जागा दाखवतो तो) सगळा भरवसा टाकू नका. ज्या विमानात ट्रान्समीटर नाही ते स्क्रीनवर दिसणारच नाही. नकाशा उड्डाणाच्या सकाळी पुन्हा बघा. पोलीस अधीक्षक एका वेळी ९६ तासांपर्यंत तात्पुरता रेड झोन (ड्रोनबंदीचा पट्टा) लावू शकतात, आदल्या रात्रीचा स्क्रीनशॉट तिथे कामाचा नाही.

फवारा_१०ली
फवारणीवाल्याशी उंची वाटून घ्या. फवारताना तो पिकाच्या वर ३ मीटरच्या आसपास असतो, अडचण टाकी भरायला येता-जाता होते. त्याची आरटीएच १५ करायला लावा; बांधावरची नारळाची झाडं त्याहून उंच असतील तर २५. दोघांच्या उड्डाणजागा वेगळ्या, मधे किमान ५० मीटर ठेवा. तुमचा ड्रोन त्याच्या डोक्यावरून खाली येणार असेल तर आधी आवाज द्या, तो टाकी खाली ठेवेपर्यंत थांबा. वाऱ्याच्या खालच्या बाजूला उतरवू नका, फवाऱ्याचं पाणी लेन्सवर बसलं की पूर्ण तुकडा पुन्हा उडवावा लागतो.