सेंद्रिय शेतकऱ्यांच्या गटाने कोणते प्रमाणीकरण घ्यावे?

प्रश्न
एकाच भागातील आम्ही २२ शेतकरी ४ वर्षांपासून रासायनिक खते आणि कीटकनाशके टाळून शेती करत आहोत. तरीही प्रत्येक खरेदीदार प्रमाणपत्र मागतो. प्रयोगशाळेचा अहवाल पुरेसा नाही का? नसल्यास त्रयस्थ संस्थेकडे जावे की पीजीएस (शेतकऱ्यांनीच एकमेकांची हमी देण्याची सहभागी पद्धत) घ्यावे?

उत्तर १
अहवाल त्या एका नमुन्यापुरता बोलतो. प्रमाणीकरण मालाचे नसून पिकवण्याच्या पद्धतीचे असते. तणनाशकाचा अंश काढणीपर्यंत उरला नाही, म्हणून शेत सेंद्रिय ठरत नाही. माल निर्यात करायचा असेल, तर २००१ पासून चालत आलेल्या एनपीओपी या राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाखालील प्रमाणपत्र लागते, तर पीजीएस-इंडिया देशांतर्गत बाजारासाठी आहे. एनपीओपीत हंगामी पिकांसाठी पेरणीपूर्वीची २ वर्षे आणि बहुवार्षिक पिकांसाठी पहिल्या काढणीपूर्वीची ३ वर्षे रूपांतरणाची, म्हणजे रासायनिक शेतीतून सेंद्रिय शेतीकडे वळण्याची, असतात. लेखी नोंदी नसतील, तर आपली ४ वर्षे त्यात धरली जातीलच, असे समजू नये.

उत्तर २
गट प्रमाणीकरणात प्रत्येक शेताची तपासणी आधी गटाच्या अंतर्गत निरीक्षकाने करायची असते आणि बाहेरची संस्था त्यातील काही शेते निवडून पडताळते. आमच्याकडे आलेले निरीक्षक शिवारात थोडा वेळ फिरले आणि उरलेला दिवस वह्या घेऊन बसले. एका सदस्याची विक्री त्याच्या क्षेत्राच्या मानाने फारच जास्त निघाली. चौकशीअंती कळले, की भावाच्या शेतातला मालही त्याच पोत्यांत भरला गेला होता. लबाडी नव्हती, निव्वळ गलथानपणा होता, पण पूर्ण गटाचे प्रमाणपत्र अडकले.

उत्तर ३
पीजीएसमध्ये शेतकरीच एकमेकांची शेते तपासतात. ही पद्धत केवळ आपल्याकडची नव्हे. २००४ मध्ये ब्राझीलमधील तोरेस येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय कार्यशाळेत तिला हे नाव मिळाले. खर्च कमी येतो हे खरे, परंतु ज्याच्याशी आपला बांध लागून आहे, त्याच्याविरुद्ध शेरा लिहायला हात धजत नाही. आमच्या गटात पहिल्या वर्षी सगळेच निर्दोष ठरले, तेव्हाच मला शंका आली होती. पुढे आम्ही शेजारच्या गटातील दोघांना तपासणीला सोबत घेऊ लागलो, आणि पहिल्याच फेरीत एका कोठीत रासायनिक प्रक्रिया केलेल्या बियाण्याची रिकामी पिशवी सापडली.

प्रश्नकर्ता
सर्वांचा आभारी आहे. आमचा माल देशाबाहेर जात नाही, त्यामुळे पीजीएसकडे कल आहे. मात्र उत्तरे वाचताना लक्षात आले, की आमच्यातील चौघे फवारणी पंप शेजाऱ्यांकडून मागून आणतात आणि त्यात आधी काय भरले होते, याची नोंद कोणाकडेच नाही. अर्जापूर्वी गटाचा स्वतंत्र पंप घेत आहोत.