पूर्व तिमोर : शेजारी की सावकार?

खारावारा : डिसेंबर १९८९. तिमोर समुद्रावरून उडणाऱ्या विमानात ऑस्ट्रेलियाचे परराष्ट्रमंत्री गॅरेथ इव्हान्स आणि इंडोनेशियाचे परराष्ट्रमंत्री अली अलातास शॅम्पेनचे ग्लास उंचावतायत. तिमोरच्या समुद्रातल्या तेलाची वाटणी नुकतीच झालीय. ज्यांचं तेल, ते १९७५पासून इंडोनेशियाच्या बंदुकीखाली. ऑस्ट्रेलिया-तिमोर नात्याचा खरा चेहरा मला त्या विमानात दिसतो.

उलटतपासणी : अर्धीच गोष्ट सांगताय राव. ३० ऑगस्ट १९९९ला ७८.५ टक्के लोकांनी स्वातंत्र्याच्या बाजूने मत दिलं आणि त्याची शिक्षा म्हणून राजधानी दिली पेटवली गेली. तेव्हा जी आंतरराष्ट्रीय फौज उतरली, तिचं नेतृत्व कुणाचं होतं? ऑस्ट्रेलियाचंच.

खारावारा : जीव वाचले, मान्य. पण मार्च २००२मध्ये, स्वातंत्र्याला दोन महिने उरले असताना, याच ऑस्ट्रेलियाने सागरी सीमेचे वाद आंतरराष्ट्रीय न्यायालयात चालवायला नकार दिला. बाजू भक्कम असलेला माणूस कोर्टाची पायरी टाळतो का? आणि २००४चं काय? मदत म्हणून दिलीतल्या सरकारी इमारतीचं नूतनीकरण करून दिलं, आणि त्याच कामाच्या आडून मंत्रिमंडळाच्या खोलीत मायक्रोफोन बसवले. हे त्यांच्याच एका माजी हेराचं सांगणं. भिंतीला कान असतात म्हणतात, इथे ते मदतनिधीतून आले! खटला मात्र भरला त्या हेरावर आणि त्याच्या वकिलावर.

उलटतपासणी : हेरगिरीचं समर्थन मी करणार नाही. पण २०१८चा करार तुम्ही सोयीने गाळलात. सीमा दोन देशांमधल्या मध्यरेषेच्या जवळपास आली, समुद्रातल्या ग्रेटर सनराइज गॅसक्षेत्रातला ७० ते ८० टक्के महसूल तिमोरला. लुटारू असं देतो?

मधलीओळ : देत नाही, द्यावं लागलं. तिमोरने २०१६मध्ये सागरी कायद्याखाली सक्तीची सलोखा प्रक्रिया लावली, म्हणून.
पण खारावारा, एक प्रश्न तुम्हालाही. गॅस तिमोरच्या किनाऱ्यावर आणला तर ७० टक्के, ऑस्ट्रेलियाला नेला तर ८०. कमी वाटा घेऊनही तिमोरचे नेते शनाना गुस्माव पाइपलाइन घरीच हवी म्हणून अडून बसले. वाटेत तीन हजार मीटर खोल दरी आहे. सनराइज १९७४मध्ये सापडलं, बाहेर अजून काही आलेलं नाही. याचं खापरही कॅनबेरावरच फोडणार?

खारावारा : सगळं नाही. पण तिमोर समुद्रातल्याच बायू-उंदान या दुसऱ्या क्षेत्राचा गॅस ऑस्ट्रेलियातल्या डार्विनला गेला, प्रकल्प आणि नोकऱ्या तिकडेच उभ्या राहिल्या. ते पाहिलेल्या माणसाला दहा टक्क्यांचं आमिष पुरत नाही.

उलटतपासणी : आणि बायू-उंदान आता आटलंय. हट्ट किती वर्षं परवडेल, तेवढं सांगा.