मदत हवी आहे: एक्स्पोर्टच्या केळीत किती पैसा गुंतवावा?

मंडळी, यावल तालुक्यात तीन एकर टिश्यू कल्चरची ग्रँड नैन (केळीची जात) लावायची आहे. अंतर ६×५ फूट, म्हणजे एकरी साधारण १४५० रोपं. मेहनतीचा भाग कळतो, पेच आहे तो जोखमीचा.

मृग बाग (जून-जुलैची लागवड) धरली तर शेजारच्या कपाशीवरचा, काकडीवर्गीय वेलींवरचा मावा हरण्या हा विषाणूजन्य रोग (सीएमव्ही) आणतो. रोगट रोप औषधाने बरं होत नाही, उपटून गाडावंच लागतं आणि नांग्या भरल्या (रिकाम्या जागी नवी रोपं लावली) की बाग मागेपुढे होते. त्यातून वाचली तरी कटाई मे-जूनच्या वादळात सापडते. कांदे बागेत (ऑक्टोबरच्या सुमारास लागवड) जानेवारीच्या थंडीत वाढ थांबते, पानांवरचा करपा रोग बळावतो.

एक्स्पोर्टसाठी प्रत्येक घडाची निगा वेगळी: केळफूल वेळेवर मोडणं, खालच्या फण्या काढून आठ-नऊच ठेवणं, फवारणी, स्कर्टिंग बॅग (घडावर चढवायची पिशवी). हा खर्च भाव कळण्याआधीच होतो. फण्यांवर डाग दिसले की व्यापारी तो माल लोकल भावात टाकतो, मग बॅगचे पैसेही अंगावर. भाव मात्र नशिबाचाच!

विचारायचं हे:
१. दीड एकर मृग, दीड एकर कांदे बाग अशी विभागणी परवडते का? कंटेनर भरायला एकावेळी माल कमी पडेल, ही शंका आहे.
२. रावेर-यावल पट्ट्यात घडामागे निगेचा खर्च मजुरीसकट सध्या किती येतो?
३. हवामान आधारित फळपीक विम्यात गारपिटीचा जादा हप्ता भरावा का?
४. पीककर्ज पूर्ण उचलावं, की पिलबागेसाठी (कटाईनंतर पिलांवर घेतलेलं पुढचं पीक) काही हातात राखावं?

ज्यांनी सलग दोन-तीन हंगाम बॉक्स पॅकिंग केलंय, त्यांनी रास (घडाचं सरासरी वजन) आणि नाकारलेल्या मालाची टक्केवारी जरूर सांगा.