मदत हवी आहे: चढावर गाडी अचानक ओढेनाशी झाली

मंडळी, २०१६ची डिझेल गाडी, ९२ हजार किमी. काल वाशी खाडीपुलाच्या चढाला पिकअप एकदम गेला. अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबला तरी आरपीएम २५००च्या वर जाईना, पिवळा इंजिन लाइट पेटला. मागे डंपर हॉर्न बडवतोय, घाम फुटला! चारही इंडिकेटर लावून डावीकडे घेतली. बंद करून पाच मिनिटांनी चालू केली, तर ठणठणीत, दिवा मात्र तसाच.

हा लिम्प मोडच ना (बिघाड जाणवला की गाडी स्वतःच इंजिनची ताकद कमी करते, तो)? मेकॅनिक स्कॅनर (गाडीचे एरर कोड वाचणारं यंत्र) न लावताच ‘टर्बो बदला’ म्हणतो, म्हणजे इंजिनात जास्त हवा ढकलणारा भागच. एअर फिल्टर मी काढून पाहिला, स्वच्छ आहे. डिझेल फिल्टर दोन वर्षं बदललेला नाही (बोलणी खायला तयार आहे). रोजच्या घाटकोपर-ठाणे ट्रॅफिकमध्ये रांगून ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) काजळीने जाम झाला असेल, की टर्बोचा होज (हवेचा पाइप) फाटला असेल? आधी काय तपासू? शनिवारी पुण्याला जायचंय, घाटात असं झालं तर?