जळगाव-धुळ्याकडे मानसिक आजारातून गेलेल्यांचा स्वमदत गट आहे का? मदत हवी आहे

नमस्कार ताई-दादांनो. मी चाळीसगावजवळच्या खेड्यातली. उन्हाळ्यात मनोरुग्णालयात भरती होते. आता गोळ्या वेळेवर चालू आहेत, डॉक्टरही चांगले आहेत. पण ओपीडीत नंबर लागेपर्यंत अर्धा दिवस जातो आणि आत झोप, भूक, गोळ्या एवढंच बोलणं होतं. वॉर्डाला बाहेरून कडी लावायचे. अजूनही घरात कुणी कडी सरकवली की हातपाय गार पडतात. हे कुणाला सांगू? घरचे म्हणतात, झालं गेलं विसर. गल्लीत तर ‘पोर येडी व्हई गयी’ म्हटलं की विषय संपला.

टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर बोलले. मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. पण मला यातून गेलेलं माणूस समोर बसलेलं हवंय. पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनचे स्वमदत गट आहेत, पण दर वेळी पुणं झेपत नाही. जळगाव, धुळे, भुसावळकडे असं काही चालतं का? नसेल तर तिघी-चौघी जमलो तरी पुरे. शक्यतो बायकाच असाव्यात.

इथे नाव-गाव लिहू नका, इनबॉक्समध्ये कळवा. आणि भगत-बाबा कृपया सुचवू नका, ते सगळं करून झालंय.