थाउजंड आयलंड्सची बोट: हिला बोट लागते, किती तासांची घेऊ?

खिडकीची_सीट
नमस्कार मंडळी. मी (६८) आणि सौ. सध्या कॅनडात लेकीकडे मिसिसागाला आलोय, सप्टेंबर अखेरपर्यंत मुक्काम. नायगारा झाला, सीएन टॉवर झाला, आता पळापळ नको, निवांत बसून पाणी बघायचंय. जावई म्हणतात गॅनानॉक्वे गावाहून थाउजंड आयलंड्सची, म्हणजे बेटांमधून फिरवणारी बोट करा. एक तासाची आहे, अडीच तासांची आहे आणि बोल्ट कॅसल नावाच्या वाड्याला उतरवणारी पाच तासांची. अडचणी दोन. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाताना हिला एकदा अशी काही बोट लागली होती की आजतागायत लाँचचं नाव काढू देत नाही. दुसरं म्हणजे माझा अमेरिकेचा व्हिसा आहे, हिचा नाहीये. काय करावं?

कांदेपोहे_कॅनडा
काका, मुळात तो समुद्र नाहीच. सेंट लॉरेन्स नदी आहे, लेक ओंटारियोतून निघते, गोडं पाणी, भरती-ओहोटीची भानगड नाही आणि बेटं इतकी दाटीवाटीने आहेत की वारा असला तरी लाट वाढायला जागाच मिळत नाही. माझ्या आईला एसटी लागते पण तिथे ती अडीच तास मस्त बसली होती. काकूंना खालच्या डेकवर मधोमध बसवा, तिथे हेलकावा सगळ्यात कमी. तुम्ही वर उघड्यावर जाऊन या, पण जाकीट आणि कानटोपी न्या, सप्टेंबरात ऊन असलं तरी पाण्यावरचा वारा बोचतो.

व्हिसाचं म्हणाल तर कॅसल अमेरिकेच्या हद्दीत, न्यूयॉर्क राज्यात आहे, त्यामुळे पाच तासांचीमध्ये उतरायला पासपोर्ट-व्हिसा लागतोच. नुसतं बोटीतून बघायला काही लागत नाही. बोट हद्दीच्या पलीकडे जाऊन येते, तुम्हाला कळतही नाही.

माहेर_सातारा
अडीच तासांचीच घ्या. एक तासाची म्हणजे फोटो काढेपर्यंत धक्का परत दिसायला लागतो.

मला कॅसलपेक्षा ती चिमुकली बेटं जास्त आवडली. जस्ट रूम इनफ नावाचं एक बेट आहे, नावाप्रमाणेच एक घर मावेल एवढं, भिंत संपली की पाणी. आम्ही गेलो तेव्हा दाराबाहेर दोन खुर्च्या आणि एक झाड, बस्स, अंगण संपलं. तेवढ्यात लांबून एक अवाढव्य मालवाहू जहाज आलं (१९५९ पासून हा मोठ्या जहाजांचा रस्ता आहे, अटलांटिकमधून थेट ग्रेट लेक्सपर्यंत जातात), आणि बऱ्याच वेळाने त्याची लाट त्या घराच्या पायऱ्यांवर डुबुक करून आपटली. आमचे हे म्हणाले, इथे चप्पल बाहेर काढून ठेवायची सोय नाही!

आणि तो झाविकॉन बेटावरचा पूल चुकवू नका, दोन बेटांमधला पिटुकला पूल, एक बेट कॅनडात, दुसरं अमेरिकेत. जगातला सगळ्यात छोटा आंतरराष्ट्रीय पूल.

नकाशेवाला
ताई, ही पुडी तिथे सगळ्यांना देतात. दोन्ही बेटं कॅनडातच आहेत, नकाशा उघडून बघा. हद्द आखताना कुठलंच बेट मधून कापायचं नाही असं ठरलं होतं, म्हणून ती रेषा बेटांना वळसे घालत जाते. तशी एकूण बेटं १८६४ धरतात. बेट कशाला म्हणायचं, तर वर्षभर पाण्याच्या वर राहिलं पाहिजे आणि त्यावर निदान एक जिवंत झाड पाहिजे.

काका, कॅसलची गोष्ट माहीत करून जा म्हणजे बोटीतून बघायलाही मजा येईल. जॉर्ज बोल्ट, न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ अॅस्टोरिया हॉटेलचा कारभारी, त्याने बायकोसाठी १९०० मध्ये हार्ट आयलंडवर हे बांधायला घेतलं, बेटाला बदामाचा आकार दिला. १९०४ मध्ये ती अचानक गेली. त्याने तार करून काम थांबवलं आणि पुन्हा कधी तिथे पाऊल ठेवलं नाही. ७३ वर्षं वाडा तसाच ऊनपावसात. १९७७ मध्ये तिथल्या मोठ्या थाउजंड आयलंड्स पुलाच्या प्राधिकरणाने घेतला तेव्हा कुठे डागडुजी सुरू झाली.

माहेर_सातारा
पुडी तर पुडी, पूल गोड आहे.

कांदेपोहे_कॅनडा
अजून एक, मिसिसागाहून तीन-साडेतीन तास ड्राइव्ह आहे, एका दिवसात जाऊन-येऊन करू नका. किंग्स्टनला रात्र काढा. तिथून वुल्फ आयलंडला फेरी जाते, फुकट, पाऊण तासही लागत नाही. काकूंची ट्रायल त्यावरच घ्या, लागली तर क्रूझचे पैसे तरी वाचतील.

खिडकीची_सीट
मंडळी, जाऊन आलो. आधी वुल्फ आयलंडची फुकट फेरी, मग अडीच तासांची. हिने सुरुवातीला आल्याची वडी तोंडात धरून डोळे मिटले होते, पंधरा मिनिटांनी बघतो तर बाई वरच्या डेकवर कठड्याला टेकून उभ्या. बोल्टच्या वाड्यासमोर बोट रेंगाळली तेव्हा मी नकाशेवाल्यांची गोष्ट रंगवून सांगितली. ऐकून म्हणाली, "तुम्ही साधं किचनचं काम तीन वर्षं लांबवलंत, आणि तुमची बायको जिवंत आहे."

बोट अजिबात लागली नाही. परत येताना ४०१ हायवेवर मात्र लेकीच्या ड्रायव्हिंगने गाडी लागली, दोनदा थांबावं लागलं. मला.