लातूर, नांदेड की संभाजीनगर: घर घ्यावं असं या शहरांत नेमकं आहे काय?

गोलाईवाला (धागाकर्ता):
पुण्यात पंधरा-वीस वर्षं काढलेले आमच्याकडचे बरेच जण सध्या एकाच हिशेबात गुंतलेत. वाघोली-हडपसरला दोन बेडरूमच्या फ्लॅटला जेवढे मोजायचे, तेवढ्यात लातूरला खाली-वर स्वतःचं घर होतं. मग गावाकडंच का नको? हिशेब चुकीचा नाही, पण त्याला जोडून जी कारणं दिली जातात ती मला पटत नाहीत. 'रेल्वेची कोच फॅक्टरी आली, नागपूर-रत्नागिरी हायवे झाला, आता बघा भाव कुठं जातात ते.' ही प्लॉटवाल्याची भाषा. फॅक्टरीची कोनशिला २०१८ ला बसली, तेव्हापासून हरंगुळच्या बाजूचा प्रत्येक प्लॉट 'फॅक्टरीला लागूनच' असतो.

आपल्याकडच्या शहरात घर घ्यायचं ते आज जे आहे ते बघून. उद्या येणार म्हणतात त्यावर नाही. आज लातूरला आहे ते असं: शाळा, कॉलेज, ट्यूशन, दवाखाना, मोंढा, स्टँड, सगळं स्कुटीवर दहा-पंधरा मिनिटांत. आईच्या छातीत रात्री अकराला दुखायला लागलं तर तिला डॉक्टरपुढं न्यायला किती वेळ जातो, ते पुण्यात एकदा मोजून बघा. शहराच्या मधोमध असलेल्या गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात, त्यातला कुठलाही धरला तरी थोड्या वेळात शेतं लागतात.

बारावीच्या पोरासाठी लोक लातूरला येतात हे सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. आई आणि पोरगं ट्यूशन एरियाजवळ खोली करून राहतात. बाप गावाकडं शेती नाहीतर नोकरी सांभाळतो आणि शनिवारी एसटीनं ज्वारी-डाळीची पिशवी घेऊन येतो. दोन वर्षांचं बिऱ्हाड. त्यातले काही पुढं इथंच घर घेतात, कारण तोवर धाकटं दहावीला आलेलं असतं. हे गिऱ्हाईक हायवे बघून येत नाही.

पाण्याचं मला माहीत आहे. आता कुणीतरी २०१६ ची पाण्याची रेल्वे काढणारच. काढा.

सिडकोकर:
रेल्वे नंतर काढू. आधी सांगा, तुमचं ते बारावीचं पोरगं शिकून जातं कुठं? पुणे, हैदराबाद, बंगळूर. मग चार खोल्यांच्या घरात राहतं कोण? म्हातारा-म्हातारी, तीही खालच्या मजल्यावर. वरचा मजला कुलूपबंद. बार्शी रोडला संध्याकाळी एक चक्कर मारा आणि किती खिडक्यांत दिवा दिसतो ते बघा.

दर महिन्याला पगार होणारी माणसं ज्या गावात आहेत, तिथंच घराची मागणी टिकते. संभाजीनगरात वाळूजला बजाज आली १९८५ च्या सुमाराला. बजाजनगर-सिडकोतल्या कितीतरी रो हाऊसांचे हप्ते त्या एमआयडीसीच्या पगारातून फिटलेत. तेव्हा वाळूजच्या माळावर प्लॉट घेणाऱ्यालाही लोक हसलेच होते, आणि त्यानं घेतला होता तो 'उद्या येणार' यावरच. आता शेंद्रा-बिडकीनला ऑरिकची दहा हजार एकरांची औद्योगिक वसाहत आहे, टोयोटा-किर्लोस्करनं २०२४ ला करार केलाय, समृद्धी महामार्ग जून २०२५ पासून थेट भिवंडीजवळ आमण्यापर्यंत उघडलाय. हायकोर्टाचं खंडपीठ आहे, विमानतळ आहे, घाटीचा मोठा सरकारी दवाखाना आहे. आणि तुम्ही दहा मिनिटांच्या स्कुटीवर अडलाय.

औसारोडकर:
@सिडकोकर, खंडपीठ सांगितलंत, विमानतळ सांगितलंत, घाटी सांगितलीत. नळाला पाणी किती दिवसांनी येतं ते तेवढं राहिलं.

लग्नानंतर आधी मी संभाजीनगरच्या गारखेड्यात होते, आता लातूरला आहे, म्हणून दोन्हीकडचं सांगते. जायकवाडी पैठणला, शहरापासून पन्नासेक किलोमीटरवर. धरण १९७६ चं, पण शहराकडं येणाऱ्या जुन्या लाइन ७०० आणि १४०० मिलिमीटरच्या, गाव मात्र चौपट वाढलेलं. २५०० मिलिमीटरच्या नव्या लाइनचं भूमिपूजन २०२० ला झालं. त्या काळात धरण तुडुंब आणि आमचा हौद कोरडा, हे मी स्वतः बघितलंय. नळाच्या दिवशी घर सोडायचं नाही, कुणाचं लग्न असलं तरी. सकाळपासून गल्लीच्या ग्रुपवर एकच प्रश्न, 'लाइन सुटली का?' सुटली की सगळ्यांच्या मोटारी एकदम चालू. टोकाच्या घराचा नळ नुसता फुसफुसतो. आणि टोकाचं घर आमचं.

तेव्हा पुरुष मंडळींनो, घर बघायला गेलात की हॉलची लांबी नंतर मोजा, आधी हौदाचं झाकण उचला. किती लिटरचा आहे, कनेक्शन लाइनच्या कुठल्या टोकाला आहे, हे विचारा. अपार्टमेंट असेल तर मेंटेनन्सची वही मागा आणि मे महिन्यात टँकरला किती गेले ते वाचा. बिल्डर '२४ तास पाणी' म्हणतो त्याचा अर्थ बोअर. ते पाणी बादलीवर पांढरा थर धरतं आणि गिझरची कॉइल खातं.

लातूरकरांनीही हसू नये. एप्रिल २०१६ ला मिरजेहून पहिली गाडी आली ती दहा वॅगनमध्ये पाच लाख लिटर घेऊन, आणि त्याआधी टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली होती. धनेगावचं मांजरा धरण बीड, धाराशिव, लातूर तिघांचं आहे. दोन पावसाळे ओळीनं चुकले की स्कुटीवर दहा मिनिटांत काय गाठता ते बघू.

गोलाईवाला:
हे मान्य. पण मी आज जे आहे ते बघा म्हणतोय त्यात हौदही आलाच की.

गोदाकाठ:
लातूर-संभाजीनगरच्या भांडणात नांदेड नेहमीप्रमाणं राहून गेलं. आमची पाण्याची अडचण उलटी आहे. विष्णुपुरी धरणाचे दरवाजे उघडले की नदीकाठच्या सखल वस्त्यांतल्या लोकांची झोप जाते. म्हणून इथला माणूस प्लॉट बघताना आधी 'पाणी कुठवर आलं होतं' विचारतो, मग भाव.

पण गोलाईवाल्यांच्या 'उद्यावर जाऊ नका' या म्हणण्याला आमचं गाव अपवाद आहे. २००८ ला शिखांच्या गुरुतागद्दीची (गुरु ग्रंथसाहिबाला गुरुपद मिळाल्याची) त्रिशताब्दी झाली, तिच्यासाठी केंद्राचा पैसा आला, रस्ते-पूल झाले, आणि त्याच पुंजीवर नांदेड अजून जगतंय. सोहळा ठरल्यावर ज्यांनी घेतलं त्यांना स्वस्तात मिळालं. वंदे भारत आधी जालन्यापर्यंतच होती, ऑगस्ट २०२५ पासून नांदेडहून सुटते. दवाखान्याचं म्हणाल तर हिंगोली, यवतमाळ सोडा, आदिलाबाद-निर्मलकडून पेशंट येतात. डॉक्टर लेनमध्ये अर्धा तास बसा, मराठीइतकीच तेलुगू ऐकू येते. निवृत्त माणसाला आणखी काय पाहिजे?

भाड्यानेच_बरा:
सगळे घर घ्यायचंच हे धरून बोलताय. समजा लातूरला ४० लाखांचा फ्लॅट आहे आणि भाडं १० हजार येतं. वर्षाचे १ लाख २० हजार, म्हणजे ३ टक्के. त्यातून घरपट्टी, रंगरंगोटी आणि मधले रिकामे महिने वजा करा. आता ३२ लाखांचं कर्ज साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांसाठी काढलं तर हप्ता २७,७०० च्या पुढं. घेताना मुद्रांक शुल्क आणि महापालिका हद्दीचा अधिभार मिळून ६ टक्के, शिवाय नोंदणीचे ३० हजार. नुसत्या बायकोच्या नावावर घेतलं तर १ टक्का वाचतो, तेवढंच समाधान.

आणि विकायला काढलं की कळतं मध्यम शहर म्हणजे काय. पुण्यात दोन-चार महिन्यांत गिऱ्हाईक उभं राहतं, इथं मावसभावालाच गळ घालावी लागते. आई-वडिलांना दवाखान्याजवळ भाड्यानं ठेवा, पोराला ट्यूशनजवळ ठेवा. बारावी झाली, सोडा. पाणी आटलं, सोडा.

मोंढ्यावरचा:
साहेब, तुमचा हिशेब बँकेतल्या बाबूवानी हाय. भाड्याच्या घरात म्हातारी रमत नसती. तिला कुरडया वाळू घालायला गच्ची लागती, तुळस लावायला कोपरा लागतो. अन् घरमालक 'दिवाळीनंतर दुसरं बघा' म्हणला की तिचा बीपी तुम्ही मोजणार का? सोयाबीनचं काय उरलं तर प्लॉटात घालायचं, आमच्याकडं सगळे ह्येच करायलेत. तीन टक्के का चार टक्के कुणी बघायला न्हाई. अन् सिडकोकरांना सांगतो, आमचा वरचा मजला कुलूपबंद नाही, चार पोरी राहत्यात नीटच्या परीक्षेवाल्या. मेस शेजारीच हाय.

भाड्यानेच_बरा:
२०२० ला सगळं ऑनलाइन झालं तेव्हा किती पोरी होत्या वर?

मोंढ्यावरचा:
एक बी नव्हती. पण आम्हाला कुणी 'घर खाली करा' म्हणलं न्हाई.

सातबारा_वाचा:
तुम्ही शहरं तोलताय, माझ्याकडं जी माणसं रडत येतात ती शहरामुळं फसलेली नसतात, कागदामुळं फसलेली असतात. शेतजमिनीचे गुंठे पाडायचे, एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, आणि बॉन्डपेपरवर नोटरी करून विकायचे. तिन्ही शहरांच्या कडेला हा धंदा जुना आहे. गुंठेवारी नियमित करायचा कायदा २००१ चा आहे हे खरं, पण दलाल 'होऊन जाईल' म्हणतो आणि तुम्ही 'झालंय' ऐकता. खरेदीखत होत नसेल आणि बँक कर्ज देत नसेल, तर स्वस्त का आहे ते कळलं असं समजा.

फ्लॅटचंही तेच. ५०० चौरस मीटरपर्यंतच्या जागेवरची किंवा आठपर्यंत घरांची इमारत असेल तर महारेराची (बिल्डरांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाची) नोंदणी सक्तीची नाही, आणि आपल्या गावांत निम्म्या अपार्टमेंट अशाच छोट्या प्लॉटवर उभ्या असतात. तिथं तुमचा वाली कोणी नाही. मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र हातात घेऊन वाचा, व्हॉट्सअ‍ॅपवरच्या फोटोवर इसार देऊ नका.

जुनं घर घेणाऱ्यांसाठी अजून एक. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीत पहाटे माणसं गाडली गेली ती दगड-मातीच्या जाड भिंतींखाली. २००२ च्या सुधारित नकाशात हा पट्टा भूकंपाच्या तिसऱ्या झोनमध्ये घेतला गेला. तरीही जुन्या बांधकामावर मजला चढवताना लातूरचा माणूस इंजिनिअरला नाही, मिस्त्रीलाच विचारतो, 'पेलंल का?' मिस्त्री काय सांगणार? पेलतंय म्हणतो.

औसारोडकर:
आमच्या शेजाऱ्यांनी अस्संच चढवलंय. कॉलम कुठं आहेत ते त्यांनाही माहीत नाही.

सिडकोकर:
कागदाचं सोळा आणे खरं. पण मूळ मुद्दा तिथंच राहिला. गोदाकाठ यांनीच सांगितलं, येणारं काम ओळखून घेतलं त्याचं भलं झालं. पाण्यावरून मला गप्प करताय, तर तेही माझ्याच बाजूचं आहे. नवी लाइन पूर्ण ताकदीनं चालायला लागली की आमच्या शहरालगतच्या सातारा-देवळाईत आजच्या भावात काही मिळणार नाही. म्हणून मी आत्ताच बघतोय.

गोलाईवाला:
मग पाणी आल्यावरच घ्या की. चार-पाच लाख जास्त जातील, पण नळ उघडून बघून तरी घ्याल. तोवर टँकर, जार आणि बोअरची मोटार यातच तेवढे घालवणार आहात.

सिडकोकर:
टँकर मार्च ते जून. चार-पाच लाख जास्तीच्या कर्जाचा हप्ता बारा महिने, वीस वर्षं. मला हे गणित जमतं. पुढच्या आठवड्यात एक बघायला जातोय. हौदाचं झाकण उचलेन, ताईंनी सांगितलंय तर.

औसारोडकर:
टॉर्च घेऊन जा. आणि नळाच्या दिवशी जा, मधल्या दिवशी नको. एजंट मधलाच दिवस देतो.